शब्दचर्चा: थिंग, थिंगमजिग, गॅजेट आणि आपलं 'ते हे'

प्रश्न

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. त्यातला म्हातारा सुतार हाताखालच्या पोराला म्हणतो, 'हँड मी दॅट थिंगमजिग.' आधी मी 'ती वस्तू दे' असं लिहिलं. मोठ्याने वाचून पाहिलं तर सुतार एकदम कोर्टात साक्ष देतोय असं वाटलं. 'ती गोष्ट दे' हे त्याहून वाईट. नाव आठवत नाही त्या वस्तूला म्हणायचे थिंगमजिग, थिंगमी, गॅजेट, गिझ्मो असले शब्द इंग्रजीत आले कुठून? आणि मराठीत त्यांच्या जागी काय घालावं?

प्रतिसाद

ताई, कोर्टाचं तुमच्या हातून सहज लिहिलं गेलं, पण थिंग हा शब्द मूळचा तिथलाच. जुन्या इंग्रजीत थिंग म्हणजे सभा. लोकांनी जमायचं, तंटे मांडायचे, निवाडे करायचे, ती बैठक. सातव्या शतकातल्या, इंग्लंडातल्या केंटच्या राजांच्या कायद्यात तो ह्याच अर्थाने आला आहे. उत्तरेकडच्या बहीणभाषांनी हा अर्थ आजही सांभाळलाय. आइसलंडची संसद आल्थिंगी, स्थापना ९३० सालची. नॉर्वेची स्टूर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग. तिन्हींच्या शेवटी हाच शब्द बसलाय. इंग्रजीत निवडणुकीच्या प्रचाराला हस्टिंग्ज म्हणतात, त्यातही 'घरातली थिंग' आहे. राजाने किंवा सरदाराने आपल्या माणसांपुरती भरवलेली बैठक.

आता सभा कुठे आणि सुताराच्या हातातलं हत्यार कुठे? पण वाट सरळ आहे. सभेत जो तंटा निघाला तीही थिंग. मग कुठलाही विषय, कुठलंही काम. मग ज्याच्याबद्दल बोलायचं ते काहीही, आणि अखेर हातात धरता येतं तेसुद्धा. हे नवे अर्थ जुन्या इंग्रजीतच रुळले होते. सभेचा अर्थ मात्र मागे पडत पडत पुसला गेला.

ही एकट्या इंग्रजीची चाल नाही. लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे कारण आणि कोर्टातला दावाही. त्याचंच फ्रेंचमध्ये 'शोज' झालं, इटालियनमध्ये 'कोझा', आणि दोन्हींचा आजचा अर्थ वस्तू. जर्मन 'झाखे' हाही मूळचा तंटा-दावा आणि आजचा वस्तू-बाब. तीन घराणी, तिन्ही चावडीवरून निघाली आणि 'वस्तू'पाशी येऊन थांबली.

आणि आपण? 'गोष्ट' शब्द उकलून बघा. गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा. आपला गोठा त्यातलाच. त्यावरून गोष्ठी म्हणजे मंडळी जमणं, मग त्या मंडळींचं बोलणं. ज्ञानेश्वरीत 'गोठी' येते ती ह्या बोलण्याच्या अर्थाने. पुढे बोलण्याचा विषय, बाब, आणि मुलांना झोपताना सांगतो ती कहाणी. म्हणजे गोष्ट आणि थिंग, दोघी बैठकीतून उठून आलेल्या. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा शब्दकोश मिटून दहा मिनिटं नुसता बसलो होतो.

पण दोघी सारख्याच लांब गेल्या नाहीत. थिंग हातातल्या हत्यारापर्यंत पोचली, गोष्ट बोलण्यापाशीच थांबली. 'मला ही गोष्ट पटली नाही' हे अस्सल मराठी. 'ती गोष्ट दे' म्हटलं की कान खटकन थांबतो. तुमचा थांबला, तो बरोबरच थांबला.

आता थिंगमजिग. थिंग झिजून झिजून इतकी गुळगुळीत झाली की नाव विसरल्याची बोच तिच्यातून जाणवेना. म्हणून लोकांनी तिला शेपट्या लावल्या. सतराव्या शतकात 'थिंगम', अठराव्यात 'थिंगमबॉब' आणि 'थिंगमी', एकोणिसाव्यात 'थिंगमजिग'. ह्या शेपट्यांना स्वतंत्र अर्थ शोधू नका. जिभेवर नाव येता येता अडतं, त्या अडण्याला दिलेला तो आवाज आहे. थिंग नुसतं म्हणणारा नाव घ्यायच्या भानगडीत पडत नाही. थिंगमजिग म्हणणारा नाव शोधतोय आणि ते सापडत नाहीये. अनुवादात हा फरक उतरायला हवा.

दुसरी तऱ्हा आख्ख्या वाक्याची. 'व्हॉट डू यू कॉल इट', म्हणजे 'काय म्हणतात त्याला', हे भरभर बोलून त्याची गाठ मारली आणि 'व्हॉचमकॉलिट' असं नाम करून टाकलं. त्याला आता अनेकवचनसुद्धा होतं. मराठीने ही गाठ मारली नाही. आपलं 'काय म्हणतात त्याला' वाक्यात मोकळंच राहिलं, हवं तिथे सरकतं.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात जवळची, कारण ती कामावर जन्मली. गॅजेट हा खलाश्यांचा शब्द. शिडाच्या जहाजावर दोर, कप्प्या, कड्या, खुंट्या ह्यांचा नुसता पसारा, आणि प्रत्येकाला वेगळं नाव. नवा पोऱ्या ती सगळी कशी लक्षात ठेवणार? चीनहून चहा आणणाऱ्या जहाजावरच्या एका पोऱ्याच्या सफरीचं पुस्तक १८८६ साली छापलं गेलं. नाव आठवलं नाही की खलाशी काय काय म्हणत ते त्यात दिलंय: चिकन-फिक्सिंग, गॅजेट, गिल-गाय, टिमी-नॉगी, विम-वॉम. ह्या पाचांत एकट्या गॅजेटचं नशीब उघडलं. बाकीचे समुद्रातच राहिले.

गॅजेटबद्दल एक कथा फिरते: न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पॅरिसच्या ज्या कारखान्यात घडला त्याच्या मालकाचं नाव गाजे, त्यावरून गॅजेट. कारखाना खरा, नावही खरं, पुतळ्याचं उद्घाटनही १८८६ चंच. पण त्याच वर्षाच्या पुस्तकात हा शब्द खलाश्यांच्या तोंडी मुरलेला दिसतो. पुतळा उभा राहायच्या आधीपासून तो जहाजांवर असणार. मला ही कथा मान्य नाही.

अमेरिकेत असलाच 'डूहिकी' १९१४ च्या सुमाराला छापलेला सापडतो, आणि 'गिझ्मो' दुसऱ्या महायुद्धात नौदल आणि मरीन सैनिकांच्या बोलीतून वर आला. जहाज, छावणी, कारखाना. जिथे सुटे भाग फार, हात गुंतलेले आणि वेळ कमी, तिथे हे शब्द उगवतात.

प्रतिसाद

माणसांचं काय? मी गोव्याची. आमच्या घरात पोर्तुगीज शिकलेले आजोबा नाव घ्यायचं नसलं की 'फुलानु' म्हणायचे आणि आजी कोकणीत 'फलाणो'. आम्हाला लहानपणी वाटायचं, आजी आजोबांचाच शब्द आपल्या पद्धतीने म्हणते.

प्रतिसाद

फार सुंदर उदाहरण दिलंत. आजी आजोबांचा शब्द घेत नव्हत्या. दोन्ही शब्द अरबी 'फुलान'चे. एक अरबांच्या राजवटीत इबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालात, रुजला आणि पोर्तुगीजांबरोबर गलबतातून गोव्यात उतरला. दुसरा अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडे आला. मराठीत 'फलाणा' तोच. तुमच्या आजीआजोबांच्या पानावर ते दोघे समोरासमोर बसले.

इंग्रजीला फुलान मिळाला नाही. तिथे 'सो-अँड-सो', म्हणजे आपलं अमुकतमुक. आणि कोर्टात जॉन डो आणि रिचर्ड रो. जमिनीच्या ताब्याच्या दाव्यात हे दोघे निव्वळ कागदावरचे पक्षकार असत. खरा वाद दुसऱ्यांचाच. १८५२ च्या कायद्याने इंग्लंडात ती रीत बंद झाली, पण अमेरिकेत अनोळखी प्रेताला आजही जॉन डो म्हणतात.

प्रश्न

आणि 'स्टफ'? तो तर पानोपानी येतो. मी सगळीकडे 'गोष्टी' लिहीत सुटले आहे.

प्रतिसाद

तिथेच थांबा, ताई. स्टफ जुन्या फ्रेंचमधल्या 'एस्तोफ'वरून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. आधी चिलखताखाली घालायचं जाड कापड, मग लोकरी कापड, मग कशाचाही कच्चा माल, मग काहीही. कापड अजून एका ठिकाणी टिकलंय: इंग्लंडात ज्येष्ठ वकिलाचा झगा रेशमी, बाकीच्या बॅरिस्टरांचा 'स्टफ गाउन'. थिंग मोजता येते, स्टफ मोजता येत नाही. म्हणून त्याचं 'गोष्टी' असं अनेकवचन करणं मुळातच चुकतं.

प्रसंग बघून शब्द घ्या. खोलीभर पडलंय तो पसारा. गाडीत भरायचं ते सामानसुमान. 'आय हॅव स्टफ टू डू' म्हणजे 'मला कामं आहेत'. तसंच थिंगचं. 'थिंग्ज आर फाइन' म्हणजे 'सगळं ठीक आहे'. हल्ली 'गोष्टी ठीक आहेत', 'गोष्टी बदलल्या' असं छापून येतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे शब्द नाही म्हणून हे होत नाही. इंग्रजी वाक्यात एक नाम दिसलं की त्याच्या जागी नामच ठेवायचं, अशी सवय लागली आहे.

आणि आपल्याही भाषेने कोर्टकचेरीत वावरणारा एक शब्द ह्या कामाला लावलाय. मागच्या दिवाळीत भावाने तेलाशिवाय तळायचं यंत्र घरी आणलं. आईने खोक्यातून ते निघताना पाहिलं, हात पदराला पुसला, चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाली, 'हे काय प्रकरण आणलंस?' फाइलीतलं प्रकरण थेट ओट्यावर! थिंगसारखंच.

पण तुमच्या सुताराला प्रकरण चालणार नाही. त्याला ते हत्यार रोजचं आहे, फक्त नाव जिभेवर येत नाहीये. आमच्याकडे कुकरची रिंग बसवताना आई हात मागे करून बोटं हलवते, नजर कुकरवरच, आणि म्हणते, 'ते हे दे गं, ते...' आणि बहीण बरोबर सांडशीच देते. मराठीत थिंगमजिग आहे ते हेच. बोलणाऱ्याचं बोट आणि ऐकणाऱ्याची सवय मिळून तो शब्द पुरा होतो.

प्रश्नकर्ती

असं केलंय, बघा:

'म्हातारा रंध्यावरून नजर न काढता म्हणाला, "ते हे दे रे इकडे... ते, काय म्हणतात त्याला..." पोराने पटाशी त्याच्या हातावर ठेवली.'

मूळ कथेत पोराने काय दिलं ते सांगितलेलं नाही. पटाशी माझी.

प्रतिसाद

सुतार आता बोलायला लागला. पटाशी मात्र काढा. लेखकाने नाव झाकून ठेवलंय. 'पोराने मुकाट्याने ते त्याच्या हातावर ठेवलं' एवढंच राहू द्या.