आडवाटेची बारव सापडली, तर तिचं लोकेशन टाकावं का?

पायवाट

गेल्या डिसेंबरात परभणी जिल्ह्यात चारठाण्याची मंदिरं पाहून निघालो आणि एका फाट्यावर रस्ता चुकलो. गाडी वळवायला थांबलो, तर येड्या बाभळींच्या आड दगडी काठ दिसला. चार पावलं आत गेलो तर पायाखाली थेट पायऱ्याच सुरू झाल्या. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर! तळाला हिरवं पाणी, भिंतीतल्या देवकोष्ठांत, म्हणजे देवाच्या कोनाड्यांत पारवे, एकाच कोष्ठात शेंदूर फासलेला गणपती. काठाच्या दगडाला दोरांनी घासून खाचा पडलेल्या. एका खाचेत बोट घातलं तर पहिलं पेर बुडालं. शेजारी गवत कापणाऱ्या आजी म्हणाल्या, "सासूबाईपर्यंत सगळं गाव हेच पाणी पीत होतं. नळ आला अन् कुणी फिरकंना."

फोटो टाकले, पण गावाचं नाव मुद्दाम दिलं नाही. त्यावरून बऱ्याच जणांनी मला स्वार्थी ठरवलं. कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका आडबाजूच्या देवळाचं लोकेशन मी हौसेनं टाकलं होतं. आठ महिन्यांनी परत गेलो तर खांबावर ऑइलपेंटनं नावं लिहिलेली, गाभाऱ्यात थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि बाहेरची सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड, जागेवर नाही. हात कोपरात वाकवलेला, मनगटात बांगड्या, अशी सुरेख शिळा होती. ती कुणी नेली माहीत नाही, पण लोकेशन मीच टाकलं होतं. म्हणून आता टाकत नाही. तुमचं मत काय?

वीरगळवेडा

तुमचं दुःख कळतं, पण निष्कर्ष पटत नाही. लपवून काही वाचत नाही. आमच्या तालुक्यात रस्ता रुंद झाला तेव्हा वेशीबाहेर पाच वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड होते. काम संपलं तेव्हा तीन उरले. बाकीचे दोन भरावात गेले, असं जेसीबीवाल्यानंच सांगितलं. त्याला दोष तरी कसा देऊ? त्याच्या लेखी तो धोंडाच. त्यातल्या एकाच्या खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या होत्या, म्हणजे तो वीर गावची गुरं सोडवताना पडलेला. वरच्या पट्टीत अप्सरा त्याला नेताहेत, त्याच्या वर शिवपिंडीची पूजा, चंद्र-सूर्य. हे आता फक्त माझ्या वहीत आहे. आधी कुणी फोटो आणि जागा जाहीर केली असती, तर निदान तक्रार करायला कागद तरी हाती असता.

अक्षीचा शिलालेख घ्या. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तोही अलिबागजवळ रस्त्याकडेला वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात उभा होता. लोकांनी लिहिलं, बोंब मारली, तेव्हा त्याची कदर झाली.

रानजाई

मी पायवाट यांच्या बाजूनं. पेंट आणि पत्रावळ्या परवडल्या, गुप्तधनवाल्यांचं काय? माझ्या आजोळी पडकी गढी आहे. दर अमावास्येनंतर आत नवा खड्डा दिसतो, कडेला लिंबू, कुंकू, नारळ. महादेवाच्या देवळातला नंदी तर उलटा करून ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. चारपाच जणांचं काम असणार, एकट्यानं तो हलणारच नाही. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे. पण त्या खड्ड्यापाशी रात्री कायदा कोण सांगणार? अशा लोकांच्या हाती नकाशे कशाला द्यायचे?

वीरगळवेडा

रानजाई, तुमच्या आजोळच्या गढीचं लोकेशन कुणी टाकलंय का? नाही ना? तरी खड्डे पडतातच. खणणारे पंचक्रोशीतलेच असतात, त्यांना गढी लहानपणापासून ठाऊक असते. लोकेशन नसल्यानं अडतो तो अभ्यासक, चोर नाही. उलट जिथे रोज चार माणसं येतात, तिथे रात्री कुदळ मारायची हिंमत होत नाही. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर पाहा. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली. महामार्गावरून वळून लोक मुद्दाम बघायला जातात आणि ती नांदती आहे.

रानजाई

आणि जिथे चार नाही, चार हजार येतात तिथे? कासच्या फुलांच्या पठारावर दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली. कासला निदान तिकीट आहे, माणसं नेमलेली आहेत. आडरानातल्या बारवेला कोण आहे? खड्डे नकाशाशिवायही पडतात, हे मात्र मान्य करते. त्याचा मी विचार केला नव्हता.

नॅरोगेज

जरा वेगळं. सगळे दगडी देवळांवरच का अडलेत? आमच्याकडे मूर्तिजापूर-यवतमाळ रस्त्यानं जाताना शकुंतला रेल्वेच्या खुणा दिसतात. अडीच फुटी रूळ गवतात गेलेत, स्टेशनांच्या खोल्यांची कौलं उडालीत. कापसासाठी घातलेली ही लाइन १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. हा आमच्या आज्यांच्या माहेरचा रस्ता. त्याचे फोटो, जागा, स्टेशनांची नावं जेवढी टाकता येतील तेवढी टाका. इथे चोरीची भीती नाही, विसरण्याची आहे.

उजनीकाठ

अशा जागांच्या फोटोंखाली लोक 'बेवारस', 'ओसाड' असं लिहितात, ते वाचून आत कालवतं. उजनी धरणात आमचं जुनं पळसदेव गेलं. पाणी खाली गेलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि फोटोवाल्यांच्या होड्या लागतात. येऊ द्या, आमची ना नाही. पण ते 'सापडलेलं' देऊळ नव्हे. माझ्या आजोबांनी तिथे नवस फेडलेत. त्या दिवसांत आमच्या घरची म्हातारी माणसं जाऊन नारळ फोडून येतात. मागच्या खेपेला चुलत्यांना एक पोरगा म्हणाला, "काका, फ्रेममधून जरा बाजूला व्हा." चुलते झाले बाजूला. घरी येऊन जेवले नाहीत.

सातबारा

मी शेतकरी आहे, सेलू तालुक्यातला. माझ्या रानात बारव आहे. पायवाट यांची तीच का दुसरी, मला सांगायचं नाही. आमच्याकडं लोक येतात, काही इचारत नाहीत. मागच्या साली हरभरा घाटे भरायच्या बेताला होता, मधून पायवाट पाडली. एकानं ड्रोन उडवलं, तर कमानीखालचं आग्यामोहोळ उठलं. बैल दावं तोडून पळाले, एकाचा खूर फाटला. उद्या कुणी शेवाळावरून घसरून पाण्यात पडलं तर पोलीस कुणाच्या दारात येतील? नाव सातबाऱ्यावर माझं आहे.

पण दुसरी बाजूबी सांगतो. दोन साल झाले, काही पोरं आली. आधी घरी आली, चहा पिली, मग म्हणाली, काका, गाळ काढू का? तीन रविवार काढला. महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले तर सगळं गाव गोळा झालं. माझ्या आईनं पन्नास वर्षांनी पहिल्यांदा खाली उतरून पाण्याला हात लावला. तर लोकेशन टाकायचं का नाही, हे मालकाला अन् गावाला इचारा. इथं भांडून काय होणार?

पायवाट

सातबारा, हात जोडतो. मी आजींशी बोललो, पण शेत कुणाचं हे विचारलंच नाही. हरभऱ्यातून मीही गेलो असेन. पुढच्या महिन्यात परत जाईन, आधी सरपंचांना भेटेन. त्यांनी होकार दिला तरच गावाचं नाव इथे येईल. मोजमाप आणि फोटो राज्य पुरातत्त्व विभागाला मात्र लगेच पाठवतो.

वीरगळवेडा

विभागाला पाठवा, पण त्यावर विसंबू नका. १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांना कवच देतो. तुमची बारव त्या यादीत नसेल, तर ती फाइलमध्ये राहील आणि बुलडोझर तिच्यावरून जाईल. जाहीर नोंद हवीच, हे माझं मत कायम आहे. मालकाला आधी विचारावं, हे सातबारांचं म्हणणं त्यात जोडतो. ते मी आजवर कधी लिहिलं नव्हतं.

सातबारा

एक इचारायचं होतं. मार्चात पाणी खाली गेलं की खालून तिसऱ्या पायरीपाशी भिंतीत काहीतरी कोरलेलं दिसतं. अक्षरंच वाटतात, पण आमच्या मास्तरलाबी लागली नाहीत. फोटो टाकू का?

वीरगळवेडा

टाका, नक्की टाका! फक्त खडू किंवा पीठ चोळू नका आणि तारेच्या ब्रशनं घासू नका, अक्षरांच्या कडा जातात. साध्या पाण्यानं माती धुवा, मऊ कापडानं टिपा. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा फोटो काढा, भर दुपारी अक्षर दिसत नाही. ऊन खाली पोचत नसेल तर बॅटरी भिंतीला लावून आडवी धरा. शेजारी वीत दिसेल असा हात ठेवा, म्हणजे आकार कळेल. गावाचं नाव सांगू नका, मला अक्षरं पुरेत.