आरएनएवरच्या खुणा आणि विषाणू: सेमिनारला काय घेऊ?

रावपुरा२: नमस्कार मंडळी. बडोद्यात एमएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय हौसेनं मागून घेतला: आरएनए मॉडिफिकेशन, म्हणजे आरएनएवर चढणाऱ्या रासायनिक खुणा, आणि विषाणूसंसर्ग. हंसा मेहता लायब्ररीत तीन दिवस बसले. मॉडिफिकेशनचे प्रकारच दीडशेच्या वर! वीस मिनिटांत काय सांगू? बाबा म्हणतात, कोविशील्डचं सांग, सगळ्यांना कळेल.

जुनी पिपेट: बाबांना सांग, कोविशील्ड एमआरएनए (प्रथिन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) लस नव्हे, ती अ‍ॅडेनोविषाणूवर बेतलेली.
एकच प्रश्न धर: पेशी आपला आरएनए आणि परका कसा ओळखते? कारिको आणि वाइसमन यांचा २००५ चा पेपर आधी वाच. जिवाणूंचा आरएनए दिला की डेंड्रिटिक पेशी (रोगप्रतिकारातल्या पहारेकरी पेशी) खवळायच्या, सस्तन प्राण्यांचा दिला की बऱ्याच शांत, कारण त्यावर खुणा जास्त. आरएनएच्या चार घटकांपैकी युरिडिनच्या जागी त्याचं बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घातलं तर टीएलआर-७ आणि ८ हे परका आरएनए हेरणारे रिसेप्टर फारसे जागे होत नाहीत. २०२३ चं नोबेल याच कामाला.

दांडियाबाजार: एमसिक्सए, ती अ‍ॅडेनोसिनवरची मिथाइल खूण, घे की! सध्या सगळीकडे तेच चाललंय.

जुनी पिपेट: वीस मिनिटांत नको, फसशील. एकच खूण, परिणाम उलटसुलट. मेटल-थ्री हे ती खूण करणारं एन्झाइम कमी केलं की हेपॅटायटिस सीचे संसर्गक्षम कण वाढतात, एचआयव्हीची वाढ मात्र मंदावते. त्यात इंटरफेरॉन-बीटा या विषाणूविरोधी इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएवरही तीच खूण, आणि तिच्यामुळे तो लवकर तुटतो. गाइड पहिलाच प्रश्न यावर विचारतील.
त्यापेक्षा टोपी, म्हणजे एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकावरची कॅप, घे. आपल्या एमआरएनएच्या त्या टोकाशी टू-प्राइम-ओ मिथाइल ही खूण असते. तो मिथाइल नसला की एमडीए-५ आणि आयफिट-१ ही पेशीतली पहारेकरी प्रथिनं तो आरएनए परका म्हणून ओळखतात. कोरोनाविषाणू स्वतःचं एनएसपी-१६ हे एन्झाइम वापरून तोच मिथाइल स्वतःच्या आरएनएवर चढवतो, म्हणजे चोरानं वॉचमनचाच गणवेश घालावा. वेस्ट नाइल विषाणूचं याच कामाचं एन्झाइम बिघडवलं तर साध्या उंदरांत तो दुबळा पडतो, पण इंटरफेरॉनचा संदेश न पोचणाऱ्या उंदरांत पुन्हा मारक ठरतो. हा २०१० चा प्रयोग बोर्डावर काढून दाखव.

रावपुरा२: काका, वॉचमनची उपमा ढापू का?

जुनी पिपेट: ढाप. सेव-उसळ लागू.