बीपीची जोडगोळी पहिल्या दिवसापासून, की आधी एकच औषध?

निशिगंध
बीपी १६०/१०० च्या वर असेल तर टेल्मिसार्टन ४० + अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ ही जोडगोळी (एकाच गोळीत दोन औषधं) सुरुवातीलाच द्यावी, या मताचा मी आहे. एकच औषध दुप्पट करून बीपी थोडंच उतरतं, दुसरं जोडल्यावर बरंच जास्त. शिवाय अ‍ॅम्लोडिपिन १० वर नेलं की घोटे सुजतात. ५ सोबत टेल्मिसार्टन असेल तर सूज कमी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

क्षितिज
सरसकट नको. चक्कर आली तर कोणत्या औषधाने, कसं ओळखणार? ऐंशीच्या आजींना पाच मिनिटं बसवून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला तर जोडगोळी देऊच नका.

निशिगंध
वयस्करांबाबत मान्य. पण पंचेचाळिशीतल्या १७०/१०५ वाल्याला एकाच औषधावर महिनोन्‌महिने ठेवणं मला पटत नाही. फक्त चौथ्या दिवशी ‘उतरलं नाही’ म्हणून डोस वाढवू नये. अ‍ॅम्लोडिपिन रक्तात स्थिरावायलाच आठवडाभर लागतो.

औषधपेटी
तुम्हा दोघांच्या वादात खरी चूक निसटतेय. जोडगोळी सुरू होते, पण जुनी सुटी अ‍ॅम्लोडिपिनची स्ट्रिप घरात असते आणि तीही चालूच राहते. पोटात जातं १० मिग्रॅ. घोटे सुजतात, मग सुजेसाठी लघवीची गोळी लिहिली जाते! नवी चिठ्ठी देताना जुन्या स्ट्रिपवर फुली मारा. गोळीच्या ब्रँडनावापुढची अक्षरंही वाचा: ‘एएम’ म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीचं औषध. आणि अर्धी करून घेऊ नका. बऱ्याच जोडगोळ्या दोन थरांच्या असतात, टेल्मिसार्टन ओल धरतं, उरलेली अर्धी डबीत मऊ पडते. डोस कमी हवा तर कमी ताकदीची गोळी लिहून घ्या.

क्षितिज
फुलीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यात भर: टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासा. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ‘बीपीवाल्यांचं’ म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ इथे घातक ठरू शकतं, त्यात पोटॅशियम असतं. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकही मनाने नको: बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. गरोदरपणात, किंवा तसा विचार असेल तरी, टेल्मिसार्टन असलेली कुठलीच जोडी चालत नाही.

निशिगंध
आणि एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, नेहमीच्या वेळी एकच.