मदत हवी आहे: नव्या पिढीच्या सिल्व्हराडोसाठी थांबावं, की आहे तो पिकअप घ्यावा?

ब्रॅझोसकाठ

मंडळी, सल्ला हवा आहे. मी ह्यूस्टनजवळ राहतो. आमचा सध्याचा पिकअप दहा वर्षांहून जुना झालाय, गिअरबॉक्स त्रास देतोय, आणि मेकॅनिकने सांगितलेला खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीला टेकतोय. त्यामुळे बदलायचा हे घरात ठरलं आहे. कधी, एवढाच प्रश्न आहे.

आत्ताची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० ही पिढी २०१९च्या मॉडेलपासून चालू आहे. २०२२मध्ये आतला डॅशबोर्ड बदलला, १३.४ इंची पडदा आला, पण सांगाडा तोच राहिला. ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सने (जीएम) २०२५मध्ये दोन गोष्टी जाहीर केल्या. बफेलोजवळच्या टोनावांडा कारखान्यात सहाव्या पिढीच्या व्ही-८ इंजिनासाठी ८८ कोटी ८० लाख डॉलर गुंतवायचे आणि २०२७मध्ये उत्पादन सुरू करायचं, ही एक. दुसरी म्हणजे मिशिगनच्या ओरायन कारखान्यात २०२७च्या सुरुवातीपासून पेट्रोलवर चालणारे फुल-साइझ पिकअप बनवायचे. म्हणजे नवी गाडी आणि नवं इंजिन साधारण एकाच सुमारास. थांबायचा मोह होतो तो यामुळेच.

आमचा वापर सांगतो. रोज ऑफिस. वर्षातून काही वेळा ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन बिग बेंड किंवा न्यू मेक्सिकोकडे. गणपतीत मंडळाचं सगळं सामान: मखराचे पाइप, प्लायवूडचे पत्रे, ढोल-ताशे, जनरेटर. चार बाय आठचा प्लायवूडचा पत्रा साडेपाच फुटी हौद्यात फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडा टाकला तरी बाहेर येतो, म्हणून साडेसहा फुटी हौदा आणि चार दारांची केबिन एकत्र हवी आहे.

नव्या पिढीकडून मला काय हवंय, ते मनापासून सांगतो. पहिलं, पेलोड, म्हणजे ट्रकला स्वतःच्या अंगावर पेलता येणारं माणसं-सामानाचं वजन. जाहिरातीत ९,००० ते १३,००० पौंड ओढायचे आकडे ठळक छापतात, पण आमच्यासारख्यांची गाडी त्याच्या खूप आधी पेलोडवर अडते. दुसरं, भरवशाचं इंजिन. तिसरं, मोठी टाकी. चार दारांच्या सिल्व्हराडोला २४ गॅलनची टाकी मिळते, फोर्डच्या एफ-१५०ला ३६ची आणि रॅम १५००ला ३३ची पर्यायात मिळते. ट्रेलर मागे असताना गॅलनला नऊ-दहा मैल पडतात, आणि पेकॉस नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की पुढचा पंप कुठे आहे हे आधी पाहून ठेवावं लागतं. चौथं, वीज. जुलै २०२४मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात होती. त्या काळात आमच्या गल्लीत एका एफ-१५० हायब्रिडवर तीन घरांचे फ्रीज चालले. सिल्व्हराडोच्या हौद्यातला प्लग त्याच्या जवळपासही जात नाही.

तर विचारायचं आहे ते असं. नव्या पिढीचं पहिलं वर्ष घेणं शहाणपणाचं आहे का? नसेल, तर आत्ताच्यातलं कोणतं इंजिन घ्यावं? आणि ज्यांनी ट्रेलर ओढलाय त्यांनी पेलोडचं गणित कसं बसवलं?

मिशिगनकर

ब्रॅझोसकाठ, माझं मत सरळ आहे: पहिलं वर्ष घेऊ नका. मी बरीच वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. नवं इंजिन, नवी इलेक्ट्रॉनिक्स आणि नवी असेंब्ली लाइन एकदम आली की पहिल्या बारा महिन्यांत सगळ्यांचंच शिकणं चालू असतं.

ताजी उदाहरणं पाहा. टोयोटाने २०२२च्या टंड्रात जुना ५.७ लिटरचा व्ही-८ काढून ३.४ लिटरचा ट्विन टर्बो व्ही-६ आणला. २०२४मध्ये सुमारे १ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण यंत्रकामानंतरचा धातूचा चुरा इंजिनात राहिला होता. टोयोटाचं हे होऊ शकतं तर कोणाचंही होऊ शकतं. मात्र जुनं इंजिन म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. एप्रिल २०२५मध्ये जीएमने २०२१ ते २०२४चे ६.२ लिटर व्ही-८ परत बोलावले, अमेरिकेत जवळपास ६ लाख गाड्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष. तपासणीत नापास झालं तर इंजिन बदलून देतात, पास झालं तर ०डब्ल्यू-४० हे जास्त घट्ट तेल भरून देतात.

आणि म्हणूनच पिकअपवाल्यांची नव्या व्ही-८कडून पहिली अपेक्षा अश्वशक्तीची नाही. ३५५ आहेत की ४२०, हे कोणी फार विचारत नाही. बेअरिंग, लिफ्टर (झडपा उघडणारे भाग) आणि तेलाचा प्रवाह यांवर नीट काम झालंय का, हे विचारतात. दुसरी मागणी अशी की चालत्या गाडीत काही सिलिंडर बंद करणारी ती यंत्रणा कायमची बंद करायचं बटण कंपनीनेच द्यावं. लिफ्टरच्या तक्रारींची चर्चा निघाली की बोट बहुतेक वेळा तिच्याकडेच जातं.

हायब्रिडबद्दल: जीएमने २००९ ते २०१३ या काळात सिल्व्हराडो हायब्रिड विकली होती. महाग होती, फार चालली नाही. पण तुमच्या वादळाच्या मुद्द्यासाठी हायब्रिडच योग्य आहे. एफ-१५० पॉवरबूस्ट या फोर्डच्या हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉट वीज देणारा पर्याय आहे, २४० व्होल्टसह. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सास गोठलं तेव्हा फोर्डने आपल्या डीलरांना असे ट्रक लोकांना वापरायला द्यायला सांगितलं होतं.

कॅलगरीकर

मी थोडा वेगळा बोलतो. तुमच्या वापराला जीएमचं ३.० लिटरचं डुरामॅक्स डिझेल इंजिन पाहा. २०२३पासून ३०५ अश्वशक्ती आणि ४९५ पौंड-फूट टॉर्क. ट्रेलर घेऊन रॉकीजचा चढ चढताना ते शांत राहतं, ओरडत नाही. पेट्रोलपेक्षा मायलेज बरंच जास्त, त्यामुळे २४ गॅलनची टाकीही पुरते. बिग बेंडच्या रस्त्यावर याचं मोल कळेल.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. तेलाचा पंप फिरवणारा पट्टा इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे. तो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मुदत लाख-दीड लाख मैलांपलीकडची आहे, पण गाडी पंधरा वर्षं ठेवणार असाल तर हा खर्च आत्ताच धरा. नव्या पिढीत हे डिझेल राहावं आणि तो पट्टा पुढे यावा किंवा साखळी यावी, ही माझी सगळ्यात मोठी इच्छा आहे. त्यासाठी मी दोन वर्षं आनंदाने थांबेन.

नाशिकचा_बागाईतदार

धागा वाचतोय, एक शंका विचारतो. आमच्याकडे पिकअप म्हणजे बोलेरो पिकअप. द्राक्षाचे क्रेट, खताच्या गोण्या, सगळं त्यावरच. तिच्या मोठ्या मॉडेलच्या नावातच १.७ टन असं लिहिलेलं असतं. तुमचा ट्रक तिच्याहून किती तरी मोठा, इंजिनाची ताकदही कितीतरी जास्त, मग पेलोडला अडतो कसा? आणि ट्रेलर तर मागे चाकांवर चालतो, त्याचं वजन ट्रकवर कसं येतं?

ब्रॅझोसकाठ

दादा, बरं झालं विचारलंत. ट्रेलर त्याच्या चाकांवर चालतो हे खरं, पण त्याचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवर (मागच्या जोडणीवर) टेकतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे यावाच लागतो. कमी आला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. हा भार थेट ट्रकच्या पेलोडमधून वजा होतो.

आमचं गणित असं आहे. सामान आणि पाणी भरून ट्रेलर ६,८०० पौंड. त्याचे १३ टक्के म्हणजे ८८४. आम्ही चौघं मिळून ६२०. वजन वाटून देणारा हिच १००. हौद्यात सायकली, शेगडी, लाकडं २००. बेरीज १,८०४ पौंड, म्हणजे सुमारे ८२० किलो. आणि चामड्याच्या सीट, सनरूफ, चारही चाकांना ताकद, असा सजवलेला चार दारांचा हाफ-टन (सिल्व्हराडो १५००, एफ-१५० या वर्गाचा पिकअप) घेतला तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुष्कळदा १,४०० ते १,७०० पौंडच लिहिलेले असतात. चालकाचं वजनही त्यातच धरायचं. म्हणजे ९,००० पौंड ओढू शकणारा ट्रक ६,८०० पौंडांच्या ट्रेलरलाच अपुरा पडतो.

कारण तुमच्या गाडीत आणि याच्यात हेतूचाच फरक आहे. बोलेरो पिकअप माल वाहण्यासाठीच बांधलेली आहे, मागे जाड पाटे आहेत. इथला हाफ-टन आता कुटुंबाची मुख्य गाडी झालाय. रॅम आणि टंड्राने मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या, गाडी मऊ चालते. आतली प्रत्येक सोय वजन वाढवते, आणि ते वजन मालाच्या वाट्यातून जातं. माझी नव्या पिढीकडून कळकळीची मागणी हीच आहे की वरच्या मॉडेललाही निदान २,००० पौंड पेलोड द्यावं. पडदा दोन इंच लहान झाला तरी चालेल.

ओहायोची_लेक

माझी अपेक्षा कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बॉनेट खाली आणा. आमच्या घरी फुल-साइझ पिकअप आहे, मी रोज चालवते, मला तो मनापासून आवडतो. पण ड्राइव्हवेत समोर उभं असलेलं लहान मूल सीटवरून दिसत नाही. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच आहे, त्यांची धडक बसली तर पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून खाली आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. समोरचा कॅमेरा बरा आहे, पण तो वेग वाढला की बंद होतो, आणि पार्किंगमधून निघताना माणूस पडद्याकडे नाही, काचेतूनच बघतो. उंच, सपाट नाकाने इंजिनाला किती फायदा होतो मला माहीत नाही, बघणाऱ्याला रुबाब दिसतो एवढं खरं. डिझाइन करणाऱ्यांनी या वेळी तरी हे बदलावं.

दुसरं, एसीची आणि आवाजाची बटणं खरी, हाताला लागणारी असू द्या. हिवाळ्यात हातमोजे घालून पडद्यावर काहीच होत नाही.

मिशिगनकर

ताई, बॉनेटबद्दल शंभर टक्के सहमत. बटणांवरून आठवलं: जीएमने आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांतून ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो काढायचं २०२३मध्ये ठरवलं. पेट्रोल पिकअपमध्ये अजून आहे. नव्या पिढीत ते राहील का, यावर अनेकांचा निर्णय अडला आहे. ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने डीलरला आत्ताच लिहून कळवावं. ग्राहकांच्या आवाजाने फरक पडतो. रॅमने २०२५च्या १५००मधून ५.७ लिटरचा हेमी व्ही-८ काढला, त्याजागी तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो आणलं. ते कागदावर जास्त ताकदीचं होतं, तरी गिऱ्हाइकांनी हेमी मागितला, आणि २०२६च्या मॉडेलला तो परत आला.

फाळक्याचंही पाहून ठेवा, ब्रॅझोसकाठ. जीएमचा सहा प्रकारे उघडणारा फाळका कामाचा आहे, पण हिचचा बॉल लावलेला असताना त्याचं आतलं दार खाली सोडलं तर बॉलवर आपटू शकतं. फोर्डच्या २०२४पासूनच्या फाळक्यात मधलं दार बाजूला उघडतं, ट्रेलर जोडलेला असतानाही. तुमच्यासारख्याला रोज उपयोगी.

आता थेट सल्ला. १,८०४ची बेरीज असेल तर निदान १,९५० पौंडांचा स्टिकर शोधा. हाफ-टनमध्ये तो मिळतो, पण मधल्या मॉडेलमध्ये, सनरूफशिवाय. एफ-१५०मध्ये जड पेलोडचं वेगळं पॅकेजही आहे. माहितीपत्रकावर जाऊ नका. जो ट्रक घेणार त्याच ट्रकचं चालकाचं दार उघडून पिवळ्या स्टिकरचा फोटो मागा. एकाच नावाच्या दोन ट्रकमध्ये दोन-तीनशे पौंडांचा फरक सहज निघतो. नंतर बसवलेल्या पायऱ्या आणि हौद्याचं झाकणही त्यातूनच वजा करायचं.

ब्रॅझोसकाठ

सगळ्यांचे आभार. माझ्या मनात आता असं बसतंय: पहिल्या वर्षासाठी थांबायचं नाही. मधल्या मॉडेलचं डिझेल किंवा जड पेलोडचा एफ-१५०, यातला ज्याचा स्टिकर जास्त तो. नव्या पिढीचं तिसरं-चौथं वर्ष येईल तेव्हा वरच्या सगळ्या मागण्यांचं काय झालं ते बघून पुढचं ठरवू. पत्नीचा ओढा हायब्रिडकडे आहे, बेरिलनंतर ते साहजिक आहे. पण हायब्रिडची बॅटरीही वजन खाते, त्यामुळे त्याचाही स्टिकर बघूनच ठरेल.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. आमचं गॅरेज आतून २० फूट आहे. चार दारं आणि साडेसहा फुटी हौदा त्यात बसतो का?

कॅलगरीकर

नाही बसत. चार दारं आणि छोटा हौदा असेल तर लांबी साधारण २३२ इंच, तो २० फुटांत, म्हणजे २४० इंचांत, जेमतेम मावतो. साडेसहा फुटी हौद्याने लांबी २४० इंचांच्या पुढे जाते, जीएम आणि फोर्ड दोन्हींत. त्यात हिचचा बॉल मागे आणखी सहा-आठ इंच घेतो. आमचा बाहेरच उभा असतो, उणे तीसमध्येही, इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावून. ह्यूस्टनमध्ये तुम्हाला हीटर नको, पण गारपिटीचा विमा नक्की घ्या.