चित्राचा 'फॉरमॅट': प्रारूप, नमुना की फर्मा?

शून्यलव:
लाझारसमध्ये, म्हणजे पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायच्या साधनात, एक लहानसा प्रोग्राम लिहिलाय. शाळेतल्या मुलांचे फोटो उघडायचे, कातरायचे आणि हव्या त्या प्रकारात साठवायचे, एवढंच त्याचं काम. एकाच पास्कल कोडवरून तो विंडोजवरही चालतो आणि लिनक्सवरही. पीओ फाईलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या संदेशांची भाषांतरं ठेवायच्या फाईलमध्ये, मराठी मजकूर भरताना दोन ओळींवर अडलोय. 'अननोन पिक्चर एक्स्टेन्शन' आणि 'अननोन पिक्चर फॉरमॅट' असे दोन वेगळे संदेश आहेत. पहिल्याचा अर्थ, फाईलच्या नावात शेवटच्या टिंबापुढची अक्षरं ओळखीची नाहीत. दुसऱ्याचा अर्थ, फाईलच्या पोटात काय आहे तेच कळत नाही. दुसऱ्याला मी 'अनोळखी प्रारूप' लिहिलं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी ते वाचून विचारलं, "प्रारूप म्हणजे कच्चं ना? मग पक्कं कुठे मिळेल?" बाईंनी निवडणुकीचं काम केलंय, 'प्रारूप मतदार यादी' त्यांच्या रोजच्या तोंडातली. आता काय लिहू?

घाटवळण:
बाईंचं बरोबर आहे. प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा. ज्यावर हरकती-सूचना मागवतात ते प्रारूप. फॉरमॅट या अर्थाने तो हिंदीत चालतो, तिथून आपल्याकडे आला. सरळ 'फॉरमॅट' लिहा, सगळ्यांना कळतो.

अनुस्वार:
'सगळ्यांना कळतो' हे कारण दिलं की संपलंच. 'दिनांक' आणि 'महापौर' हे सावरकरांनी दिलेले शब्द, आज कुणाला खटकतात? शब्द वापरला की रुळतो, आणि आपण वापरायच्या आधीच हात टेकतो. माझ्या मते 'स्वरूप' घ्यावा. 'धारिकेचे स्वरूप अनोळखी.' धारिका म्हणजे फाईल. यात अवघड काय आहे?

तिखटमीठ:
'धारिका' अवघड आहे, दादा. आणि 'फॉरमॅट'ही वाटतो तितका सोपा नाही. आमच्या आत्याला मी फोनवर सांगितलं, "फोटोचा फॉरमॅट बदल." ती घाबरलीच. तिच्या लेखी फॉरमॅट एकच, तो 'मारायचा' असतो. कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला येतो, 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणतो, आणि मागचं सगळं पुसून जातं. तिच्या नातवाच्या बारशाचे फोटो असेच गेलेत. तिला 'फॉरमॅट बदला' असं बटण दिसलं तर ती त्याला हात लावणार नाही.

सातबारा:
आपल्याकडे या अर्थाचा शब्द आधीपासून आहे: नमुना. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. कोणत्या रकान्यात काय लिहायचं हे ठरवून दिलेला कागद. फाईल फॉरमॅट याहून वेगळा काय असतो? 'चित्राचा नमुना ओळखता आला नाही.'

अनुस्वार:
नमुना फारसी आहे. शिवाय दुकानात 'नमुना दाखवा' म्हटलं की वानगीदाखल एक तुकडा पुढे येतो.

सातबारा:
फारसी असेल, पण गावोगावच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या बसलाय. अजून किती दिवस पाहुणा म्हणायचं त्याला?

खिळेजुळारी:
मी छापखान्यात शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांवर, काम शिकलो. आमच्याकडे 'फर्मा' म्हणत. जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत ठेवायची, मधल्या फटी लाकडी पट्ट्यांनी भरायच्या आणि सगळं आवळायचं, की झाला फर्मा. नीट आवळला असेल तर उचलल्यावर एक खिळा गळत नाही. पुस्तकाचा हिशेब अजून फर्म्यातच होतो. १६० पानांचं पुस्तक म्हणजे १६ पानांचे १० फर्मे. आणि त्यात पानं वाचायच्या क्रमाने नसतात, १ नंबरच्या पानाशेजारी १६ नंबरचं बसतं. कागदाची घडी घातली की क्रम लागतो. माझ्या मते फॉरमॅट म्हणजे हेच: मजकूर तोच, बसवण्याची रीत ठरलेली.

तिखटमीठ:
फर्मा हा 'फर्मान'मधला ना? मालकाने फर्मावलेलं ते फर्मा?

घाटवळण:
नाही. फर्मान, फर्मावणे हे फारसी घराणं. छापखान्यातला फर्मा युरोपीय, मुळाशी लॅटिन 'फोर्मा'. फॉरमॅटही त्याच मुळाचा. म्हणजे दोघे भाऊच.

मांडवीकाठ:
पोर्तुगीजमध्ये 'फोर्मा' म्हणजे साचासुद्धा, पाव भाजायचा डबासुद्धा. मग 'साचा' का नको?

घाटवळण:
साचा मराठी विकिपीडियाने 'टेम्प्लेट'साठी घेऊन टाकलाय.

शून्यलव:
खिळेजुळारीकाका, तुमचं उदाहरण फार लागू पडतं. बीएमपी हा चित्र साठवायचा एक फॉरमॅट. त्या फाईलमध्ये सहसा चित्राची सगळ्यात खालची ओळ आधी येते. २४ बिटांच्या फाईलमध्ये रंग लाल-हिरवा-निळा नसून निळा-हिरवा-लाल असे लिहिलेले असतात, आणि ओळ ४ बाइटच्या पटीत बसावी म्हणून शेवटी भर घालतात. तुमच्या लाकडी पट्ट्याच त्या!

नाव आणि पोट यांतला फरक मला का बोचतोय तेही सांगतो. मी लाझारसमधल्या टीबिटमॅप या चित्राच्या घटकावर सेव्हटूफाईल ही साठवायची आज्ञा चालवून नाव दिलं 'फोटो.पीएनजी'. माझी समजूत, पीएनजी या दुसऱ्या फॉरमॅटची फाईल तयार झाली. १२०० बाय १६०० चा फोटो, फाईल झाली ५७ लाख ६० हजार बाइटच्या वर. अर्ज भरायच्या ठिकाणी ती नाकारली गेली आणि एका मुलीचा अर्ज त्या दिवशी राहिला. रात्री हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली तर पहिली दोन अक्षरं 'बी' आणि 'एम'. खऱ्या पीएनजीची सुरुवात १३७, ८०, ७८, ७१ या बाइटने होते. टीबिटमॅप नाव बघत नाही, बीएमपीच लिहितो. नावाचं शेपूट बघून प्रकार ठरवण्याचं काम टीपिक्चर हा दुसरा घटक करतो, नाहीतर सरळ पीएनजीसाठीचा टीपोर्टेबलनेटवर्कग्राफिक वापरावा लागतो. चूक माझी होती. म्हणूनच या दोन संदेशांसाठी दोन वेगळे, स्पष्ट शब्द हवेत. शिक्षकांना कळायला हवं की नाव बदलल्याने फोटो बदलत नाही.

अनुस्वार:
'शेपूट' लिहू नका. एक्स्टेन्शनला 'विस्तार' आहे.

तिखटमीठ:
विस्तार म्हणजे पसरणं. तीन अक्षरांत कसला विस्तार? शेपूट पाहताक्षणी कळतं.

अनुस्वार:
शाळेच्या पडद्यावर 'अनोळखी शेपूट' असं दिसलं पाहिजे का? मुलं जे वाचतात तेच लिहितात. माझा आग्रह त्यांच्यासाठी आहे.

सातबारा:
प्रारूपकडे परत येतो. प्र आणि रूप मिळून 'प्ररूप' होईल, मग हा मधला 'आ' कुठला? मला वाटतं ते प्राक् + रूप असावं, आधीचं रूप. मसुदा हा अर्थ तिथे चपखल बसतो.

घाटवळण:
प्राक् + रूप याचा संधी 'प्राग्रूप' होतो. ते काही जमत नाही.

मांडवीकाठ:
शून्यलव, 'मांडणी' कसं वाटतं? 'फाईलची मांडणी ओळखता आली नाही.'

शून्यलव:
बीएमपीला शोभतं. जेपीईजी हा फॉरमॅट मात्र नुसतं मांडत नाही, जागा वाचवायला चित्रातले बारकावे टाकून देतं. परत उघडलं तरी ते येत नाहीत. पीएनजी दाबून भरतं, पण काही टाकत नाही. हा फरक 'मांडणी'त येत नाही. आज तात्पुरतं 'फोटोचा प्रकार ओळखता आला नाही' असं लिहून ठेवलंय. एक्स्टेन्शनची ओळ अजून कोरी आहे.

खिळेजुळारी:
टाकून देतं म्हणजे ठरवून टाकतं की निसटतं? आमच्याकडे फर्मा सैल राहिला आणि खिळे ओघळले तर त्याला 'पाय झाला' म्हणत. ते निसटणं. तुमचं कोणतं?