मांजरासाठी पाण्याचे कारंजे घ्यावे, की मातीचा परळ पुरे?

तापीकाठ, भुसावळ : मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा विकतच्या कोरड्या दाण्यांच्या खाद्यावर वाढणाऱ्या मांजरासाठी पाण्याचे कारंजे, म्हणजे छोट्या पंपाने पाणी सतत खेळते ठेवणारे भांडे, घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मांजराचे पूर्वज रखरखीत प्रदेशातले. भक्ष्याच्या अंगातूनच त्यांची बरीचशी पाण्याची गरज भागत असे, त्यामुळे या जातीला तहान लवकर जाणवत नाही. दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के असते. म्हणजे ४ किलोच्या मांजराला दिवसाकाठी लागणाऱ्या साधारण २०० मिलिलिटर पाण्यापैकी बहुतेक सगळे भांड्यातूनच पोटात जायला हवे. बोक्यांची लघवी अडकण्याचा धोका आहे, तो निराळाच. वाहत्या पाण्याकडे अनेक मांजरे आपणहून वळतात. घ्यायचे तर स्टीलचे घ्यावे, कारण प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू साठतात.

पांझराकाठ, धुळे : पाणी हवे, हे मान्य, कारंजे हवे, हे अमान्य. कारंज्याने मांजरे अधिक पाणी पितात का, याविषयी झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही मांजरांना ते आवडते, काही त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे काय? आमच्या कारंज्याचा पंप उघडला, तेव्हा आतल्या इवल्याशा पंख्यावर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला होता आणि त्याच्या दांडीला केस गुंडाळलेले होते. कोळशाचा फिल्टर वास आणि क्लोरीन कमी करतो, क्षार तसेच राहतात. त्यापेक्षा दाण्यांपासून आणि मांजराच्या शौचाच्या पेटीपासून दूर, घरात दोन-तीन ठिकाणी मातीचे परळ ठेवावेत. पाणी गार राहते आणि आमच्याकडे तर परळ संध्याकाळपर्यंत रिकामा होतो. शिवाय बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे पाणी दाण्यांवर घातले, की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

केळीबाग, रावेर : परळ रिकामा होतो, म्हणजे मांजर पाणी पिते, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. माती पाणी झिरपू देते आणि ते बाहेरच्या अंगाने उडून जाते म्हणूनच तर आतले पाणी गार होते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातले किती मांजराच्या पोटात गेले आणि किती हवेत, हे नुसते पाहून कळणार नाही. तसलाच दुसरा परळ मांजर पोहोचणार नाही अशा जागी, पण त्याच खोलीत भरून ठेवावा आणि दोन्हींतली घट मोजून वजाबाकी करावी. कारंज्यालाही हाच न्याय लावावा, कारण उसळते पाणी स्थिर पाण्यापेक्षा लवकर उडते. परळ रोज घासला नाही, तर आतून बुळबुळीत होतो, हेही धुळेकरांनी सांगायला हवे होते.

तापीकाठ, भुसावळ : क्षारांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे : पंप लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावा, थर सुटतो, मग तो चांगला धुवावा. आरओचे पाणी भरले, तर थर मुळातच कमी धरतो. माझ्या मते खरी पारख पंप बंद असताना होते. काही कारंज्यांत सगळे पाणी झाकणाखालच्या टाकीत असते आणि वीज गेली, की वरची वाटी कोरडी पडते. ती आपल्या भागात घेऊच नयेत. वरच्या वाटीत पाणी साचून राहते, तेच कारंजे निवडावे. पंप पाण्याविना चालला तर जळतो, म्हणून पातळी बाहेरून दिसायला हवी. आणि पंप हाताने पूर्ण सुटा होत नसेल, तर दुकानातूनच परत फिरावे.

पांझराकाठ, धुळे : एवढी निगा राखणारे घर परळही रोज घासेल आणि तिथे कारंज्याची गरजच उरणार नाही. निगा न राखणाऱ्या घरात मात्र कारंजे परळापेक्षा घातक, कारण परळातली घाण डोळ्यांना दिसते, पंपातली दिसत नाही. वजाबाकीची सूचना मात्र स्वीकारतो. दुसरा परळ आजच भरून ठेवतो.