नामांतराच्या दंगलीवरची एकांकिका : आग दाखवावी की नाही?

तालीमवाला_परभणी
जय भीम. आम्ही दहाजण ४० मिनिटांची एकांकिका बसवायलोत. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या दलित वस्त्या जाळल्या. पण आमचं नाटक जाळपोळीचं नाही, मागं राहिलेल्या बाईचं आहे. ती बाई म्हणजे माझी आजी.

त्या रात्री ती लेकरांची तोंडं दाबून ज्वारीच्या पिकात बसली होती. सकाळी येऊन बघते तर छप्पर नाही आणि कणगीतली ज्वारी आतल्या आत धुमसायली. अजूनही तव्यावर भाकर करपली की आजी उठून अंगणात जाऊन बसते. कोणी काही विचारत नाही.

दिग्दर्शक म्हणतो लाल प्रकाश, हलगी, आरडाओरडा पाहिजे. मला वाटतं, स्टेजवर नुसती एक भाकर करपू द्यावी. तुमचं काय मत?

विंगेतला_माणूस
वासाची कल्पना जबरदस्त, पण मोठ्या नाट्यगृहात तो चौथ्या रांगेपुढं जाणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये करा, प्रेक्षक चारी बाजूंनी बसवा. विजेची शेगडी वापरा, उघड्या जाळाला परवानगी मिळायची नाही. आणि संहिता परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडं गेली का? प्रमाणपत्राला वेळ लागतो, आधी ते बघा.

नांदेडची_लेक
माझं मत वेगळं आहे. आमच्या जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना त्याच दंगलीत जिवे मारलं. आज कॉलेजातल्या पोरांना ते नाव माहीत नाही. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जातात, फोटो काढतात, पण १९९४ ला त्या तारखेला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्याआधीची सोळा वर्षं कशी गेली ते त्यांना कोण सांगणार? दुःख दाखवा, पण कुणी केलं आणि का केलं तेही तोंडानं बोला. नाहीतर प्रेक्षक रडून घरी जाईल आणि त्याला वाटेल, आग आपोआपच लागली होती.

विंगेतला_माणूस
ताई, हे पटलं. आजीला वाचून दाखवलं का पण?

तालीमवाला_परभणी
ताई, तुमचं वाक्य वहीत लिहून घेतलं. पोचीरामांचं नाव आता आजीच्याच तोंडी येईल.

काल रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. लई वेळ गप्प होती. मग म्हणली, "जळालेलं कशाला दाखवता? कणगी दाखवा. भरलेली. तोंडापस्तोर भरली होती ती."

तुराट्यांची कणगी विणणारं कोणी आहे का परभणी-जिंतूरकडं? पुरुषभर उंचीची पाहिजे.